सोशल वर्कच्या कॉलेजांनी एकमेकांच्या सोबतीनं काम करायला कधी आणि का सुरुवात केली? इतिहास माहीत असणाऱ्यांनी सांगा प्लीज

पार्ट२_नाशिक

जय भीम, नमस्कार सगळ्यांना. मी नाशिकला एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सच्या सेकंड इयरला आहे. सेमिनारसाठी विषय घेतलाय समाजकार्याच्या शिक्षणसंस्थांमधल्या सहकार्याचा इतिहास. सर म्हणाले विषय चांगला आहे पण नेटवरनं उचलून आणू नको, नीट समजून घे. आता नोट्समधे दोनच ओळी आहेत, १९२८ ला पॅरिसला परिषद झाली आणि त्यातनं आयएएसएसडब्ल्यू ही समाजकार्याच्या शाळांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. संपलं. कोणी केलं, का केलं, आपला त्यात काय संबंध, काहीच नाही.

विषय का घेतला तेपण सांगते. माझं फील्डवर्क पेठ तालुक्यात एका पाड्यावर आहे, सकाळी सीबीएसवरनं पेठ गाडी पकडतो आम्ही पाच जण. दिवाळीनंतर आम्ही पाण्याचा आणि स्थलांतराचा सर्व्हे करायला गेलो, तर एक आजी ओट्यावर नागली पाखडत बसलेली, तिनं आमचा फॉर्म बघितला आणि म्हणाली परवाच तर तुमच्यासारखीच पोरं येऊन लिहून गेली, घरात माणसं किती, द्राक्षाच्या कामाला कोण जातं, पाणी कुठनं आणता, सगळं तेच, मग ते लिहिलेलं कुठं गेलं? मला काही बोलताच आलं नाही. नंतर कळलं की दुसऱ्या एका कॉलेजची बॅच त्याच पाड्यावर येते, त्यांचा वार वेगळा आमचा वार वेगळा. दोन वर्ष झाली, एकाच पाड्यावर दोन कॉलेजं आणि एकमेकांचा पत्ता नाही. तेव्हापासून डोक्यात आहे की एवढी आंतरराष्ट्रीय संघटना बिंघटना आहे म्हणतात, तर ती नेमकी कशासाठी काढली होती?

कोणाला सविस्तर माहिती असेल तर लिहा, मराठीत लिहा प्लीज.

जुना_फील्डवर्कवाला

ताई, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी ३० वर्ष शिकवलंय, आता रिटायर आहे, गंगापूर रोडला राहतो. जरा लांबण लागेल, चालवून घे.

आधी हे लक्षात घे की १९२८ च्या आधी वीस-तीस वर्ष या शाळा सुट्यासुट्या निघत होत्या. न्यूयॉर्कला १८९८ मधे उन्हाळी वर्ग, ॲमस्टरडॅमला १८९९ मधे पूर्ण वेळाची शाळा, बर्लिनला १९०८ मधे ॲलिस सालोमननं काढलेली सोझियाले फ्राउएनशूले, म्हणजे बायकांसाठीची समाजकार्याची शाळा. ही सालोमनबाई कोण ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १८७२ चा जन्म, ज्यू घरातली, मुलगी म्हणून शाळा लवकर सुटली, तरी खास परवानगी काढून बर्लिन विद्यापीठात बसली आणि १९०६ मधे डॉक्टरेट घेतली. विषय काय होता माहितीये? पुरुषांना आणि बायकांना एकाच कामाची वेगवेगळी मजुरी का मिळते! शंभर वर्षं उलटून गेली त्याला, आणि आज सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या गेटवर उभं राहून विचारलं तरी हाच प्रश्न निघेल.

ती आंतरराष्ट्रीय महिला चळवळीत होती, त्यामुळे देशोदेशींच्या बायका तिच्या ओळखीच्या होत्या. शाळांचं जाळं विणलं गेलं ते या ओळखींच्या धाग्यावर, सरकारांनी करार वगैरे करून नाही. हे पेपरमधे ठळक लिही, कारण आपल्याकडे शिकवताना हे गाळतात.

मग पॅरिस, जुलै १९२८. ४२ देशांतनं जवळपास अडीच हजार माणसं आली होती. पहिलं महायुद्ध संपून दहाच वर्ष झालेली, अनाथ मुलं, विधवा, क्षयरोग, निर्वासित, सगळ्यांपुढे तेच प्रश्न. त्यातल्या एका विभागात समाजकार्याच्या प्रशिक्षणावर चर्चा झाली आणि शाळांची आपली एक समिती हवी असं ठरलं. पुढच्या वर्षी, १९२९ ला, बर्लिनमधे ती रीतसर बसली, अध्यक्ष सालोमन. सुरुवातीला ५१ संस्था, बहुतेक युरोपातल्याच.

का, हा तुझा खरा प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे कारणं अगदी रोजच्या व्यवहारातली होती. एका देशात शिकलेली बाई दुसऱ्या देशात गेली तर तिच्या शिक्षणाला कोण विचारणार? किती महिने शिकवायचं, त्यात प्रत्यक्ष काम किती, वर्गात किती? पुस्तकं कुठली? हे काम धर्मादाय भावनेनं करायचं का शिकून करायचं? प्रत्येक शाळा एकटीनं डोकं फोडत होती. शेजारच्यानं काय केलंय ते बघता आलं तर निम्मा त्रास वाचतो, एवढं साधं आहे ते. चिलीमधे सान्तियागोला १९२५ ला शाळा निघाली, लॅटिन अमेरिकेतली पहिली, ती बेल्जियमच्या रेने सान्द या डॉक्टरांच्या मदतीनं, आणि पहिली संचालिकापण बेल्जियमहून गेली. पॅरिसच्या परिषदेमागे राबणारा माणूसही हाच सान्द.

मग वाईट काळ आला. १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. सालोमननं बायकांच्या उच्च शिक्षणासाठी १९२५ ला एक अकादमी काढली होती, ती तिनं स्वतःच्या हातानं बंद केली, कारण चालू ठेवायची तर ज्यू सहकाऱ्यांना काढावं लागलं असतं. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा दरवेळी थांबायचो जरा. आपण उभी केलेली संस्था मोडायची पण आपल्या माणसांना बाहेर काढायचं नाही. १९३७ मधे गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, चौकशी करून तिला देशाबाहेर घालवलं, न्यूयॉर्कला गेली, १९४८ मधे तिथंच वारली. आज बर्लिनमधे तिच्या नावानं समाजकार्याचं विद्यापीठ आहे.

महायुद्धात समितीचं काम जवळजवळ थांबलंच. १९४६ पासून सान्दनी परत उभं केलं, पन्नाशीच्या दशकात 'समिती' जाऊन 'असोसिएशन' झालं. बाकीचं उद्या लिहितो, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, जास्त वेळ स्क्रीनकडे बघवत नाही.

सातपूर_युनियन

सर माहिती चांगली दिलीत पण मला एक खटकतं ते बोलतोच. हे सगळं युरोप-अमेरिकेचं सहकार्य झालं, आपण त्यात कुठं? बर्लिनला १९२९ ला शाळांची समिती बसली म्हणता, आणि बरोब्बर त्याच्या पुढच्या वर्षी २ मार्च १९३० ला आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांनी इथं नाशिकमधे राहून तो चालवला, १९३५ पर्यंत. हजारो माणसं जमवणं, त्यांच्या राहण्याखाण्याची सोय, दगडफेक झाली तरी शिस्त मोडू न देणं, याला कम्युनिटी ऑर्गनायझेशन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? मी स्वतः एमएसडब्ल्यू केलंय, आम्हाला सीओच्या, म्हणजे कम्युनिटी ऑर्गनायझेशनच्या पेपरला सगळी अमेरिकन उदाहरणं होती, कॉलेजपासून काळाराम मंदिर रिक्षानं वीस मिनिटं आणि त्याचा उल्लेख एका वाक्याचा. महात्मा फुल्यांनी १८६३ ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा बर्लिनची शाळा सोडा सालोमनबाईंचा जन्म व्हायचा होता. हे सहकार्य म्हणजे तिकडनं इकडं सिलॅबस येणं एवढंच असेल तर मला त्याचं कौतुक नाही.

जुना_फील्डवर्कवाला

भाऊ, तुमचं म्हणणं पटतं मला, त्यावर भांडणच नाही. उलट ताईनं पेपरमधे १९२९ आणि १९३० या दोन तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात, कोणी अजून मांडलेल्या माझ्या वाचनात नाहीत.

फक्त आपल्याकडे आधी काहीच नव्हतं असंही धरू नका. बर्लिनची शाळा १९०८ ची, त्याच साली मुंबईत सेवासदन निघालं आणि १९०९ ला पुण्यात, रमाबाई रानड्यांचं. १९११ ला ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, ते कार्यकर्त्यांना शिकवायचेसुद्धा, छोटे अभ्यासक्रम असायचे. म्हणजे रोप आपल्याकडेही होतं, फक्त त्याला शाळेचं रूप यायला १९३६ उजाडलं, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, आजची टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाचे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या वस्तीत केंद्र चालवत होते, ते पहिले संचालक. पहिल्या बॅचला २० विद्यार्थी. मॅन्शर्ट अमेरिकन, म्हणून साचा अमेरिकन आला हे खरंच आहे. केसवर्क, म्हणजे एकेका माणसाच्या अडचणीवर काम, ते आधी, बाकी नंतर. भुकेल्या माणसाला समुपदेशन करत बसायचं का हा प्रश्न आपल्याच मास्तरांनी पुढे विचारला, आणि यूजीसीच्या दुसऱ्या आढावा समितीनं १९८० च्या अहवालात गरिबी आणि विकासाकडे वळा असं स्पष्ट सुचवलं.

स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर दिल्ली, काशी विद्यापीठ, लखनौ, बडोदा, मद्रास अशा संस्था निघाल्या. आपल्या राज्यात १९५५ ला मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ ला नागपुरात मातृसेवा संघाचं, १९६३ ला पुण्यात कर्वे. डिसेंबर १९५२ मधे आंतरराष्ट्रीय परिषद मद्रासला भरली, म्हणजे पॅरिसनंतर २४ वर्षांत जग आपल्या दारात आलं. १९६० च्या आसपास भारतातल्या स्कूल्सनी आपली देशपातळीची असोसिएशन केली, पण तिच्या हाती वजन नव्हतं. वकिलांना बार कौन्सिल आहे, कॉलेज नीट चालत नसेल तर ती बोलू शकते. सगळ्या सोशल वर्कसाठी अशी देशपातळीवरची वैधानिक कौन्सिल आपल्याकडे नाही. त्यामुळे सहकार्य राहिलं ते माणसांच्या मर्जीवर. चांगले प्राचार्य असले की दोन कॉलेजं एकत्र शिबिर घेणार, ते बदलून गेले की संपलं.

आणि भाऊ, तिकडनं इकडंच नाही हं. २०१२ ते २०१६ आयएएसएसडब्ल्यूच्या अध्यक्ष आपल्या विमला नाडकर्णी होत्या, टिसच्या. त्यांच्याच काळात, २०१४ ला मेलबर्नला समाजकार्याची जागतिक व्याख्या बदलली आणि त्यात स्थानिक, देशी ज्ञान हा शब्द आला. काळाराम सत्याग्रह सिलॅबसमधे घ्यायचा तर आता व्याख्येचा आधार आहे. तो घेणं आपल्या हातात आहे, बर्लिनच्या नाही.

सातपूर_युनियन

हे पटलं सर. व्याख्येचं मला माहीत नव्हतं, बीओएसला, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजला, निवेदन देताना वापरतो.

किल्लारी९३

नमस्कार. मी समाजसेवा अधीक्षक आहे, सरकारी दवाखान्यात. इथं सहसा फक्त वाचते पण आजीचा तो प्रश्न वाचला, ते लिहिलेलं कुठं गेलं, आणि राहवलं नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. मी तेव्हा पुण्यात एमएसडब्ल्यूला होते. काही दिवसांनी आम्हाला लातूरकडे पाठवलं, आणि तिथं पहिल्यांदा मी दुसऱ्या कॉलेजांची मुलं बघितली, मुंबईची, मराठवाड्यातली. कोणाची ओळख नाही. एका जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांत आम्ही सगळ्या मुली, सतरंजीवर, रात्री जमीन जरा हलली की सगळ्या उठून मैदानात. कंदील मधे ठेवून फॉर्म पूर्ण करायचो. मुंबईच्या मुलींचे फॉर्म इंग्रजीत छापलेले, त्या वाचून मराठीत विचारायच्या, ते गावात कोणाला कळायचं नाही, कारण तिकडची बोली वेगळी. मग एक उमरग्याकडची मुलगी होती, तिनं एका रात्रीत सगळे प्रश्न त्यांच्या बोलीत लिहून काढले आणि आम्ही सगळ्यांनी कार्बन लावून प्रती केल्या. हाताला निळा रंग लागायचा तो जेवतानाही जायचा नाही.

पहिल्या चार दिवसांत नेमकं तेच झालं जे पाड्यावर झालंय. एका पत्र्याच्या शेडमधे एक बाई होती, तिचा नवरा आणि दोन लेकरं गेलेली. तिला सकाळी एका टीमनं विचारलं घरात कोण कोण गेलं, दुपारी दुसऱ्या टीमनं, संध्याकाळी आम्ही. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही, हातानं तीन बोटं दाखवली फक्त. त्या रात्री आम्ही सगळ्या कॉलेजांच्या मुलामुलींनी बसून ठरवलं, शिक्षकांनी सांगायची वाट बघितली नाही. शेडच्या दारावर आतल्या बाजूला खडूनं तारीख आणि कॉलेजच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. अक्षर दिसलं की मृत्यूचे प्रश्न परत विचारायचे नाहीत, त्या टीमच्या फॉर्मवरनं उतरवून घ्यायचे, आणि आपण फक्त पुढचं विचारायचं, औषध मिळालं का, रेशन कार्ड सापडलं का. रोज रात्री फॉर्मची अदलाबदल. माझ्यासाठी सहकार्य म्हणजे तो खडू आहे, सेमिनारमधे कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

पुढे वाचल्यावर कळलं की १९८४ ला भोपाळलाही असं झालं होतं, वायुगळतीनंतर टिसनं वेगवेगळ्या स्कूल्सच्या विद्यार्थ्यांना घेऊन घरोघरी सर्व्हे केला. २००४ च्या त्सुनामीनंतरही अनेक संस्था एकत्र गेल्या. आपत्ती आली की कॉलेजं एकत्र येतात, आपल्या लोकांची ती खरोखर मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पण पेठच्या पाड्यावर मार्चनंतर जो हंडा घेऊन चालायचा त्रास असतो तो रोजचा असतो, त्याला आपत्ती कोणी म्हणत नाही, म्हणून तिथं दोन कॉलेजं दोन वारी जातात. मला हे मनापासून लागतं, म्हणून लिहिलं.

नेट_सेट_तयारी

छोटीशी ॲडिशन, परीक्षेला हमखास गोंधळ होतो म्हणून. १९२८ च्या पॅरिसमधनं तीन वेगळे प्रवाह निघाले, सगळे एकच समजू नका. आयएएसएसडब्ल्यू म्हणजे शिक्षणसंस्थांची. आयएफएसडब्ल्यू म्हणजे काम करणाऱ्या सोशल वर्कर्सची, ती आजच्या रूपात १९५६ ची. आणि आयसीएसडब्ल्यू म्हणजे समाजकल्याण संस्थांची कौन्सिल. 'इंटरनॅशनल सोशल वर्क' हे जर्नल १९५८ पासून निघतं. आणि कॅथरीन केंडॉलबाईंचं नाव विसरू नका, संयुक्त राष्ट्रांसाठी १९५० मधे जगभरातल्या समाजकार्य प्रशिक्षणाचा आढावा त्यांनी लिहिला, मग आयएएसएसडब्ल्यूचं सेक्रेटरीपद बरीच वर्ष सांभाळलं, १९७१ ते ७८ सेक्रेटरी जनरल. १९१० चा जन्म, २०१० ला गेल्या, शंभर वर्ष जगल्या.

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाच्या काळात तिथल्या स्कूल्सना सदस्य ठेवायचं का नाही यावरनं संघटनेत मोठा वाद झाला होता, तोपण वाचून घ्या. सहकार्य कोणाशी करायचं नाही हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

पार्ट२_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. सर, डोळ्याची काळजी घ्या. सातपूर दादा, दोन तारखा शेजारी मांडायच्या हे पक्कं केलंय.

आणि किल्लारी मॅडम, तुमचं वाचून मी रडले खरं सांगते. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधे वाचून दाखवलं. मग आम्ही शोधून काढलं, त्या दुसऱ्या कॉलेजच्या बॅचमधला एक मुलगा आमच्याच एका मैत्रिणीच्या गावचा, दिंडोरीकडचा. त्याला फोन केला. तो म्हणाला आमच्याकडेपण हीच बोंब आहे, लोक म्हणतात आधी त्या पोरींना विचारा. त्यांच्याकडे ३४ घरांची माहिती आहे, आमच्याकडे २८, त्यातली बरीच तीच असणार. येत्या शनिवारी ते त्यांचा वार सोडून आमच्याबरोबर पेठ गाडीला येणार आहेत, दोघांच्या सुपरवायझरना सांगितलंय, आमचे सर लगेच हो म्हणाले, त्यांच्या मॅडमनी पत्र मागितलंय ते आज देतोय.

एक अडचण आहे. दोन्हीकडची माहिती एकत्र करून एक प्रत पाड्यावरच ठेवावी असं वाटतंय, म्हणजे पुढच्या वर्षीची बॅच आली की आधी ती बघेल. पण ठेवायची कोणाकडे? ग्रामपंचायत लांब आहे आणि बंद असते बऱ्याचदा. काही घरातली माहिती अशी आहे की सगळ्यांनी वाचू नये, कोण कर्ज काढून कामाला गेलं वगैरे.

किल्लारी९३

बाळा, दोन भाग कर. घर क्रमांक, माणसं, पाणी, रेशन कार्ड, आधीचे सर्व्हे कोणी आणि कधी केले, हे एका वहीत, ती अंगणवाडी ताईंकडे. त्यांना आधी विचार, त्यांच्यावर लादू नको, त्यांची रजिस्टरं आधीच खूप असतात. कर्जाचं, आजाराचं, भांडणाचं काहीही त्या वहीत नको, ते तुमच्या दोन्ही कॉलेजांच्या रेकॉर्डिंग फाईलमधे, सुपरवायझरच्या कपाटात. आणि शनिवारी सगळ्यात आधी त्या आजीकडे जा, लिहिलेलं काय काय आहे ते तिला वाचून दाखव, चुकलं असेल तर ती सांगेल.

पार्ट२_नाशिक

हो मॅडम. दोनशे पानी वही घेतली, आणि आजीच्या घरापासूनच सुरू करतो.